चक्कर, सर्व्हो आणि भिंतीवरचा ‘क’: कोथरूडच्या एका तोल-केंद्राबद्दल

चक्कर येणाऱ्या माणसांचं केंद्र पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वेटिंग रूमला काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या टाइल्स. ज्याने ही जागा पसंत केली त्याला आयुष्यात एकदा तरी चक्कर यायला हवी होती. ही तक्रार आधीच करून टाकतो, कारण पुढे बहुतेक चांगलंच लिहायचं आहे, आणि पुण्यात नुसतं चांगलं लिहिलं की लोकांना वाटतं याचा भाचा तिथे नोकरीला असणार.

केंद्र कर्वे पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या सोसायटीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. ‘काका, लिहा बिनधास्त, पण नाव नको, आत्ताच वेटिंग आवरत नाही,’ असं तिथल्या फिजिओ मॅडमनीच सांगितलं. गिऱ्हाईक नको म्हणणारा धंदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ‘व्हेस्टिब्युलर रिहॅब (तोल परत शिकवणारे व्यायाम) कोण करतं’ एवढं विचारा, ते याच किंवा अशाच एखाद्या ठिकाणाचं नाव देतील.

मला झालं होतं डाव्या कानाच्या तोलाच्या नसेचं दुखणं, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. ऐकू नीट येतं, पण खोली थांबायला तयार नसते. उलट्या, सलाईन, एमआरआय हे सगळं वगळतो; ज्यांना झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांनी वाचून उपयोग नाही. गरगरणं काही दिवसांत ओसरलं. मागे उरलं ते वेगळंच. मान वळवली की जग जरा उशिराने वळायचं. लक्ष्मी रोडवर चालता चालता पाट्या वाचता येईनात. स्कूटर बंद झाली. रात्री बाथरूमला जाताना भिंत धरायची. डॉक्टर म्हणाले, नसेचं जे व्हायचं ते होऊन गेलं, आता मेंदूला शिकवावं लागेल, फिजिओकडे जा. माझ्या डोक्यात फिजिओ म्हणजे गुडघे आणि खांदे.

पहिली भेट तासभराची. मॅडमनी समोर बसून माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, ‘माझ्या नाकाकडे बघत राहा’ म्हणाल्या, आणि डोकं थोडंसंच पण झटकन डावीकडे वळवलं. माझे डोळे नाकावरून सुटले आणि टुणकन उडी मारून परत आले. मला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी मोबाईलवर शूट केलेलं दाखवलं तेव्हा दिसलं. उजवीकडे वळवलं तर डोळे नाकावर पक्के. ही तपासणी हालमागी आणि कर्थॉइज या दोघांनी १९८८ मध्ये मांडली; सामान म्हणजे दोन हात आणि एक नाक. महागड्या तपासण्यांच्या फायली घेऊन आलेल्या माणसाला हे बघून जरा बरं वाटतं.

त्यामागचं कारण घरी बसून पाहता येतं. हाताचं बोट डोळ्यांसमोर धरा आणि बोट जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा. नखाच्या रेषा पुसट होतात. आता बोट स्थिर ठेवा आणि त्याच वेगाने डोकं ‘नाही नाही’ असं हलवा. रेषा स्पष्ट. डोकं जितकं वळतं तितकेच डोळे उलट दिशेला फिरतात, आणि कानाकडून हुकूम मिळाल्यापासून हे सुरू व्हायला दहा मिलिसेकंदांच्या आतबाहेरचा वेळ लागतो. डोळ्यांनी पाहून, चित्र सरकलं हे ओळखून मग डोळे फिरवायचे म्हटलं तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. माझ्या डाव्या बाजूला हा जलद रस्ता बंद झालेला, त्यामुळे सगळा कारभार सावकाश रस्त्याने.

मग मॅडमनी कागदावर दोन कान काढले. दोन्ही बाजूंच्या नसा आपण स्वस्थ बसलेलो असतानाही सतत संदेश पाठवत असतात. माकडांमध्ये मोजलेला आकडा सेकंदाला शंभराच्या आसपास आहे. डोकं उजवीकडे वळलं की उजवी नस वाढते, डावी कमी होते. मेंदू बघतो तो फरक. डावी नस एकदम गप्प झाली तर उजवीकडे शंभर आणि डावीकडे शून्य, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने डोकं भयंकर वेगात उजवीकडे फिरतंय. माणूस मात्र पलंगावर पडलेला.

मी म्हणालो, ‘म्हणजे फीडबॅकला ऑफसेट आलाय.’

‘म्हणजे काय काका?’

माझी नोकरी भोसरीत, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणाऱ्या, मशीनच्या मेंटेनन्समध्ये गेली. त्यामुळे पुढची दहा मिनिटं फी मी भरली आणि शिकवणीही मीच घेतली. सीएनसीच्या अ‍ॅक्सिसला कंट्रोलर नुसता हुकूम देऊन गप्प बसत नाही. सर्व्हो मोटर टेबल सरकवते, ते प्रत्यक्ष कुठे पोचलंय हे एन्कोडर नावाचा सेन्सर सतत सांगत असतो, आणि हुकूम व जागा यांतली तफावत म्हणजे फॉलोइंग एरर. काम वेगात करायचं असेल तर तफावत पडायची वाट बघून भागत नाही. म्हणून फीड फॉरवर्ड देतात: एवढा वेग मागितलाय तर एवढी ताकद लागणारच, ती आधीच सोडून ठेव. मग एन्कोडरच्या खबरीतला फक्त अंदाजाबाहेरचा भाग दुरुस्त करायचा उरतो.

मॅडम म्हणाल्या, ‘काका, आम्हाला हेच मेंदूबद्दल शिकवतात.’

घरी येऊन वाचलं, तर खरंच या विचाराचा एक मोठा पंथ आहे. मुळाशी जर्मनीचा हेल्महोल्ट्झ, एकोणिसाव्या शतकातला. त्याचं म्हणणं असं, की डोळ्यांवर जे पडतं त्यावरून बाहेर काय असेल याचा निष्कर्ष मेंदू आपल्या नकळत काढत असतो. याचा एक पुरावा फुकटचा आहे. एक डोळा मिटा, दुसऱ्याच्या पापणीच्या बाहेरच्या कडेला बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलते. तोच डोळा स्वतः फिरवला तर भिंत जागेवर. दोन्ही वेळा डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचं चित्र सरकलेलंच असतं. फरक इतकाच, की स्वतः फिरवताना मेंदूला आधी माहीत असतं काय सरकणार आहे आणि तेवढं तो वजा करतो.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग माशीचा. एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेड यांनी १९५० मध्ये छापला. त्यांनी एका माशीची मान १८० अंशांत फिरवून तशीच चिकटवली, म्हणजे डावा डोळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. माशी हलली रे हलली की गोल गोल फिरायला लागायची, थांबायचीच नाही. हलण्याआधी तिने जी अपेक्षा धरली ती एका दिशेची, डोळ्यांनी आणलेली खबर बरोबर उलट, आणि दुरुस्ती करायला जावं तर तफावत आणखी वाढायची. एन्कोडरच्या वायरी उलट्या जोडल्या की अ‍ॅक्सिस हेच करतो. आमच्याकडे त्याला रनअवे म्हणतात, आणि इमर्जन्सी बटणावर हात ठेवूनच नवीन वायरिंग चालू करतात. त्या माशीला बिचारीला बटण नव्हतं.

कानाच्या बाबतीतही हेच दिसतं. कॅथलीन कलन यांनी माकडांच्या मेंदूतल्या तोलाच्या केंद्रांत पेशी किती संदेश पाठवतात ते मोजलं. माकडाचं डोकं दुसऱ्याने हलवलं तर काही पेशी जोरात बोलतात. माकडाने स्वतः तितकंच हलवलं तर त्याच पेशी बऱ्याच गप्प. स्वतःची हालचाल अपेक्षितच असते, तिची बातमी कशाला? रिक्षात मागे बसलेल्याला मळमळतं आणि चालवणाऱ्याला नाही, त्यामागेही हीच बाब आहे.

आता मूळ सेवेकडे येतो.

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक कागद, त्यावर बोटभर उंचीचा काळा ‘क’. हातभर लांब उभं राहायचं, नजर ‘क’वर, आणि मेट्रोनोमच्या (एका लयीत टकटक करणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर डोकं डावीकडे-उजवीकडे. बस्स. हाच मुख्य व्यायाम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, याचे पैसे घेतात? मग ठोके वाढवले. एका वेगापर्यंत ‘क’ मुकाट्याने जागेवर होता. त्याच्या पुढे एक ठोका वाढवला तर ‘क’ची गाठ पुसट झाली, मग उभ्या रेघेच्या दोन झाल्या, मग अख्खं अक्षर उड्या मारायला लागलं आणि पोटात कालवलं. मॅडमचं लक्ष ‘क’कडे नव्हतंच, माझ्या डोळ्यांकडे होतं. ‘दहापैकी किती चक्कर?’ मी म्हटलं सहा. ‘जास्त झाली. चारवर राहू.’ आणि ठोके खाली आणले.

इथे या केंद्राचं खरं कसब आहे, आणि हा रिव्ह्यू लिहायचं तेच कारण. चूक मोजून द्यावी लागते. ‘क’ अगदी स्पष्ट दिसत असेल तर मेंदूकडे दुरुस्त करायला काही नाही, व्यायाम वाया. फारच उडत असेल तर दुरुस्तीची दिशाच कळत नाही, शिवाय माणूस घाबरून मान आखडतो. मधला एक अरुंद पट्टा असतो: अक्षर जरासं पुसट, चक्कर जराशी, आणि ती व्यायाम थांबवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरायला हवी. तो पट्टा दर आठवड्याला सरकतो. कागदावर छापलेला कोर्स किंवा यूट्यूबचा व्हिडिओ तुम्हाला व्यायाम सांगेल. आज तुमचा पट्टा कुठे आहे ते सांगणार नाही. मॅडम ते डोळ्यांची उडी बघून सांगतात. पैसे याचे आहेत.

दुसरा व्यायाम स्पंजचा. जाड फोमच्या गादीवर पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. कमरेला पट्टा, तो धरून मदतनीस मुलगा मागे उभा. तोलाची खबर शरीराला तीन ठिकाणांहून मिळते: डोळे, कान, आणि तळवे-घोटे-सांधे. डोळे मिटले, फोमने तळव्यांची खबर खोटी केली, उरला कान, आणि माझा एक कान सुटीवर. सुरुवातीला मी सरळ उजव्या-डाव्या बाजूला कलत गेलो आणि त्या मुलाने ‘काका, आहे मी’ म्हणत दर वेळी पट्टा खेचला. पण तळव्यांकडे लक्ष दिलं तर कळतं, की फोमवरसुद्धा घोटे किती बारीक बारीक हालचाली करत असतात. अंगठा दाबला जातो, टाच उचलली जाते, हे सगळं डोक्याला न विचारता. माझ्या बाबतीत गोची अशी होती की आजारपणापासून मेंदूने सगळा भरवसा डोळ्यांवर टाकलेला. म्हणून मोठ्या दुकानातल्या रांगा, मोबाईलवर सरकणारा मजकूर, वेटिंग रूमच्या त्या टाइल्स, काहीही डोळ्यांसमोर सरकलं की तोल गेला. कुठल्या सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा हे दर क्षणी ठरवण्याचं गणित रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलं आणि ते अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलं गेलं. स्पंजवर उभं करून मॅडम तेच गणित बदलत होत्या: डोळ्यांचे मार्क कमी कर, तळव्यांचे वाढव.

तळव्यांची खबरच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या आयन वॉटरमन यांचं. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आजारपणात मानेखालचा स्पर्श आणि अंग कुठे आहे याची जाणीव गेली. स्नायू शाबूत. तरी सुरुवातीला उभंही राहता येईना. पुढे प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघून, विचार करून करायला शिकले. दिवे गेले की कोसळायचे. ‘मन म्हणजे डोक्यात बसलेला साहेब आणि शरीर म्हणजे शिपाई’ असं मानणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. साहेब हुशार होता, पण शिपायांनी खबर देणं बंद केल्यावर त्याला खुर्चीतून उठता येईना.

तिसरं म्हणजे चालताना मान वळवणं, आणि त्याच वेळी तोंडाने शंभरातून सात सात वजा करत जाणं. मी म्हटलं, त्यापेक्षा निमकीचा, म्हणजे अर्ध्याचा, पाढा म्हणतो. मॅडमच्या पिढीला निमकी हा प्रकारच माहीत नाही, त्यामुळे मी चुकलो की बरोबर हे तपासायला कोणी नव्हतं. त्यांनी परवानगी दिली. डोकं दुसरीकडे गुंतलं तरी पाय चालले पाहिजेत, एवढाच त्यांचा हिशोब.

हे व्यायाम नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथॉर्न हे कानाचे सर्जन आणि कुक्सी हे डॉक्टर यांनी पाहिलं, की डोक्याला मार लागलेले जे रुग्ण हिंडतात-फिरतात ते पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर सावरतात. त्यांच्या यादीतलं डोळ्यांच्या उंचीवरून या हातातून त्या हातात चेंडू टाकणं आजही इथे करायला लावतात.

एका मॉलमध्ये बंद पडलेला सरकता जिना चढायची वेळ आली तेव्हा हे सगळं प्रकरण माझ्या पायांतूनच समजलं. जिना बंद आहे हे दिसत होतं, समोर पाटी होती, तरी पहिल्या पायरीवर अंग पुढे झुकलं आणि पाय अडखळला. माझ्या मागून येणारी धडधाकट पोरंही तशीच अडखळली, त्यामुळे हा माझ्या कानाचा दोष नव्हता. लंडनमध्ये रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टीन यांनी २००३ मध्ये याच्यावर प्रयोग छापला आहे. लोकांना आधी हलणाऱ्या फळीवर पाय ठेवायची सवय लावली, मग स्पष्ट सांगितलं की आता फळी हलणार नाही. लोकांना पटलं. पाय मात्र फळी हलणारच या बेताने पडले आणि धड पुढे झुकलं. डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट पायांना ठाऊक असतेच असं नाही, आणि पायांना शब्दांनी सांगून काही उपयोग होत नाही. त्यांना एकदा त्या फळीवर उभं करावं लागतं. एका खेपेनंतर बहुतेकांचं अडखळणं बरंचसं गेलं.

म्हणून केंद्रात महिन्यातून एका शनिवारी होणारं व्याख्यान मला पैसे वसूल वाटलं नाही (ते फुकट होतं तरीही). बोलणारे गृहस्थ बाहेरचे होते. त्यांच्या मते बघणं म्हणजे भाकीत, दुखणं म्हणजे भाकीत, राग म्हणजे भाकीत, प्रेम म्हणजे भाकीत. अर्ध्या तासानंतर शेजारच्या आजींनी मला विचारलं, ‘अहो, मग चक्कर पण खोटीच का?’ हा प्रश्न त्या गृहस्थांनी ऐकायला हवा होता. चक्कर खोटी नसते. नस खरीच बंद पडलेली असते आणि उलटी खरीच होते.

मेंदू अंदाज बांधतो या विचारावर ठोस काम झालेलं आहेच. राजेश राव आणि डेना बॅलर्ड यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की वरच्या थराने खालच्या थराला अंदाज पाठवायचा आणि खालच्याने फक्त तफावत वर कळवायची अशी रचना कॉम्प्युटरवर केली, तर मेंदूतल्या दृष्टीच्या केंद्रातल्या काही पेशींचं विचित्र वागणं आपोआप उलगडतं. अशा नेमक्या दाव्याला तपासता येतं. लंडनचे कार्ल फ्रिस्टन यांनी मात्र यावरून सगळ्या मेंदूलाच, किंबहुना सजीव मात्राला लागू होणारं एक तत्त्व मांडलं: प्रत्येक सजीव आपल्याला बसणारा अनपेक्षिततेचा धक्का कमी करत असतो. माझा मेंटेनन्सचा स्वभाव इथे अडतो. मशीन का बंद पडलं, याला ‘एरर आला म्हणून’ हे उत्तर कुठल्याही मशीनला लागू पडतं, आणि म्हणूनच त्याने एकही मशीन चालू होत नाही.

या तत्त्वावर एक आक्षेप घेतात तो मला फार जवळचा वाटला. मेंदूला तफावत नकोच असेल तर माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडून का राहत नाही? तिथे अनपेक्षित काही घडणारच नाही. २०१२ मध्ये फ्रिस्टन यांनी क्रिस्टोफर थॉर्नटन आणि अँडी क्लार्क यांच्याबरोबर याला उत्तरही लिहिलं. थोडक्यात असं, की अंधाऱ्या खोलीत पडून राहणं हे माणसाच्या शरीराला मुळी अपेक्षितच नाही. त्याला भूक लागणार, तहान लागणार, अंग हलवावंसं वाटणार. शरीर आपल्या अपेक्षा बरोबर घेऊनच जन्माला येतं. मी ती खोली पाहिलेली आहे. पडदे ओढलेले, पंखा बंद, मान उशीत रुतवलेली, कारण हललं की गरगरतं. आमच्या वेटिंग रूममधल्या अर्ध्या लोकांनी त्या खोलीत महिने काढलेत. तिथे तफावत नसते आणि म्हणून दुरुस्तीही होत नाही. चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत त्यांच्याशिवाय जगणं कठीण, पण पुढे लांबवल्या तर मेंदूची भरपाई लांबते. माझ्या डॉक्टरांनी त्या वेळेत बंद केल्या. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून करा, माझं वाचून नको.

व्हीआर गॉगलबद्दल. इथे आहे, वेगळे चारशे रुपये घेतात. डोळ्यांसमोर गर्दीचा रस्ता, त्यातून चालायचं. ज्यांना दुकानात, गर्दीतच त्रास होतो त्यांना याचा उपयोग होत असेल. मला मळमळ झाली आणि दिवस गेला. मॅडमना सांगितलं तर त्यांनी आढेवेढे न घेता बंद केलं आणि म्हणाल्या, ‘मग मंडईत जा, भाजी आणा, पिशवी डाव्या हातात आणि पाट्या वाचत.’ मंडई स्वस्त पडली. कोथिंबीर घरी आली ती वेगळीच.

फरक किती पडला? स्कूटर चालवतो, दिवसा. रात्री भिंत धरत नाही. खडबडीत रस्त्यावर अंधारात अजून सावध. शेवटच्या तपासणीत मॅडमनी परत डोकं झटकून पाहिलं, तर डोळ्यांची उडी दिसेना. मी खूश झालो, नस सुधारली म्हणून. मग कॅमेऱ्याच्या गॉगलमधून पाहिलं तर उडी आहेच. फक्त आता डोकं वळत असतानाच, इतक्या लवकर मारली जाते की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नस होती तशीच आहे. मेंदूने तफावत पडायची वाट बघणं सोडून दिलंय. फीड फॉरवर्ड! मॅडमना आता हा शब्द पाठ झालाय, मदतनीस मुलगाही वापरतो.

पैशांचं: पहिली तपासणी बाराशे, नंतर दर वेळी सहाशे. यूपीआय चालतं. पॅकेज गळ्यात मारत नाहीत, उलट ‘आता पंधरा दिवसांनी या’ असं स्वतःहून म्हणतात. गाडी लावायची सोय नाही. तसंही चक्कर येत असताना गाडी आणू नये, रिक्षा करावी.

इथे कोणी जाऊ नये तेही सांगतो. कूस बदलली किंवा मान वर केली की काही सेकंदच गरगरत असेल, तर बहुतेक कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नलिकेत गेलेले असतात. त्याला महिनोनमहिने व्यायाम नको. डॉक्टर किंवा फिजिओ डोकं ठरावीक कोनांतून फिरवून ते कण जागी नेतात, काही मिनिटांचं काम. अमेरिकेच्या जॉन एप्ली यांची ही पद्धत. माझ्यासमोर एका काकूंना मॅडमनी एवढंच करून, एकाच तपासणीचे पैसे घेऊन घरी पाठवलं. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळत असेल, एक बाजू लुळी वाटत असेल, दोन दोन दिसत असेल, तर ना फिजिओ ना रिव्ह्यू, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

घरच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत छापलेला मिळतो आणि अक्षर इतकं बारीक की तो वाचणं हाच एक व्यायाम. मराठीत हवा म्हणून सांगा. मॅडम हाताने लिहून देतात, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येक व्यायामापुढे त्या आठवड्याचे ठोके घालतात.